अहवालाआधीचा फोन

अनारशाला लावलेली खसखस प्रयोगशाळेत अफूच्या खात्यात जमा होऊ शकते. बियांना अफूचा चीक चिकटलेला असतो आणि त्यातले मॉर्फिन थोडे का होईना, लघवीत उतरते. अमेरिकेत नोकरदारांच्या लघवीची सरकारी नियमांनुसार तपासणी सुरू झाली, तेव्हा अफूजन्य द्रव्यांची मर्यादा मिलिलिटरमागे 300 नॅनोग्रॅम होती. त्या जाळ्यात खसखशीचे पाव खाणारे आणि कोडीनचे औषध घेणारेही सापडू लागले, म्हणून 1998 मध्ये ती 2000 वर न्यावी लागली. यंत्र चुकत नव्हते. मॉर्फिन होतेच. ते कुठून आले, हे मात्र यंत्राला सांगता येत नव्हते.

ते ठरवणाऱ्या डॉक्टरला तिथे मेडिकल रिव्ह्यू ऑफिसर म्हणतात. या पदामागचे कायदे भीतीतून आले. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या 1986 च्या आदेशाने केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची तपासणी आणली. जानेवारी 1987 मध्ये मेरीलँडमधल्या चेस इथे मालगाडीची इंजिने प्रवासी गाडीच्या वाटेत आली आणि 16 जण मेले. इंजिनचालकाने गांजा ओढल्याचे पुढे निघाले. 1991 च्या कायद्याने ट्रकचालकांपासून वैमानिकांपर्यंत सगळे तपासणीच्या कक्षेत आले. अशा तापलेल्या हवेतही प्रयोगशाळा आणि मालक यांच्या मध्ये एका डॉक्टरला बसवायचे कुणाला तरी सुचले, हे मला या साऱ्या व्यवस्थेतले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते.

त्यातली खरी गोम क्रमात आहे. अहवाल आधी डॉक्टरकडे, मग मालकाकडे. समजा, एका ट्रकचालकाने दाढ काढली आणि दंतवैद्याने हायड्रोकोडोन लिहून दिले. नमुना पॉझिटिव्ह येतो. डॉक्टर त्याला फोन करतो, औषध कुणी आणि कधी लिहून दिले हे विचारतो, फार्मसीकडून खातरजमा करतो आणि मालकाला कळवतो: निगेटिव्ह. प्रयोगशाळेला काय सापडले होते, हे मालकाच्या कानावर जातच नाही. आता तीच गोळी त्याने बायकोच्या बाटलीतून घेतली असेल, तर दुखणे तेवढेच खरे असूनही निकाल पॉझिटिव्ह. नियम कडक आहे, पण निदान तो माणसाशी बोलून लावला जातो. दंतवैद्याने ते औषध द्यायला हवे होते का, हा प्रश्न उकरण्याची मुभा या डॉक्टरला नाही, हेही योग्यच.

पुरावा कुणी द्यायचा, याचाही विचार इथे दिसतो. वाहतूक खात्याच्या नियमांत मॉर्फिन किंवा कोडीन 15,000 नॅनोग्रॅमच्या खाली असेल आणि हेरॉइनची खूण नसेल, तर गैरवापराची वैद्यकीय लक्षणे डॉक्टरने दाखवायची. त्या आकड्यापासून वर मात्र खुलासा कर्मचाऱ्याने करायचा, आणि तिथे खसखशीची सबब चालत नाही.

तरी हा डॉक्टर कर्मचाऱ्याचा नव्हे. त्याचे बिल मालक भरतो. बोलणे सुरू होण्याआधीच त्याला बजावावे लागते, की तुम्ही सांगितलेली माहिती गरज पडल्यास पुढे जाऊ शकते. एखाद्या औषधामुळे गाडी चालवणे धोक्याचे आहे असे त्याला वाटले, तर निकाल निगेटिव्ह देऊनही ती बाब मालकाला कळवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. 2018 पासून एवढी सोय झाली, की आधी पाच कामकाजाचे दिवस थांबायचे. तेवढ्यात कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या डॉक्टरने या डॉक्टरशी बोलून औषध बदलता येते का ते पाहावे. झोपेला आलेल्या चालकाच्या हाती चाळीस टनांचा ट्रक नको, हे मान्यच. पण ज्या फोनवर खरे बोलले तर निर्दोष ठरायचे, त्याच फोनवरचे खरे बोलणे उद्या नोकरीच्या आड येणार असेल, तर माणूस हात राखूनच बोलणार. हा पेच पाच दिवसांनी सौम्य होतो, सुटत नाही.

गांजाच्या बाबतीत तर डॉक्टरची लेखणीच काढून घेतली आहे. राज्याने वैद्यकीय गांजाला परवानगी दिली असेल, रुग्णाजवळ डॉक्टरची शिफारस असेल, तरी वाहतूक खात्याच्या तपासणीत ती सबब ग्राह्य धरता येत नाही. त्यात लघवीतले अवशेष नियमित ओढणाऱ्याच्या शरीरात कित्येक आठवडे राहतात. ते सेवनाचा पुरावा देतात, कामाच्या वेळी नशा होती की नाही याचा नव्हे. इथे डॉक्टर फक्त शिक्का मारतो, आणि शिक्का मारायला डॉक्टर कशाला लागतो?

आपल्याकडे वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांची अशी तपासणी 31 जानेवारी 2022 पासून सुरू झाली. तिचा पसारा उद्या इतर क्षेत्रांत वाढला, तर प्रयोगशाळा उभ्या करणे सोपे जाईल. अवघड जाईल तो फोन. अमेरिकेत सगळे चिठ्ठीवर उभे आहे, आणि इथे कोडीनचे खोकल्याचे औषध ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीविना आलेले असू शकते. बिलही नसते. कागद नाही म्हणून माणूस दोषी, हा हिशेब इथे लावला तर खोकला झालेले कितीतरी जण नोकरीला मुकतील. म्हणून डॉक्टरने कागद मागण्याच्या पुढे जाऊन विचारपूस करावी लागेल, आणि त्या विचारपुशीसाठी त्याला वेळ, पैसा आणि मालकाच्या दबावापासून संरक्षण देणारे कलम नियमात आधीच लिहावे लागेल.