पुनरुत्थान आणि उद्याचे काम



पुनरुत्थानाची आशा केवळ कबरस्थानात आठवावयाची, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायाचा शेवट पाहा. मरणावरील जय गाऊन झाल्यावर प्रेषित पौल काय सांगतो? स्थिर राहा, प्रभूच्या कामात तत्पर असा. तुमचे श्रम फुकट जावयाचे नाहीत!

ह्याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. १९२१ साली पंडिता रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमाबाई निवर्तली. केडगावच्या मुक्तिसदनाचा भार जिच्यावर सोपवावयाचा, तीच गेली. तथापि पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम बाईंनी टाकिले नाही. ते हातावेगळे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूमध्ये विसावल्या.

कोनकर बंधूंनो, खाडीकाठच्या ह्या मुलखात भातासाठी राब भाजतात, हे तुम्ही जाणता. भाजलेल्या काळ्या भुईत बी पडते आणि पावसाने तीच भुई हिरवी होते. पौलानेही दाण्याचाच दृष्टांत दिला आहे.

तर ज्याच्या घरी नुकतेच मरण घडले, त्याने उद्या गोदामात किंवा मागावर जाताना, "आता कोणासाठी राबावे?" असे म्हणू नये. रडणे हे पाप नव्हे. लाजाराच्या कबरेपाशी प्रभूही रडला. पण डोळे पुसून, ज्याचे आपले माणूस त्याच्याच हाती आहे असे मानून, कामास लागावे. आमेन.