पिंजरा आणि श्वास

नीतीचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर सहसा मोठे अपराध उभे राहतात: चोरी, खोटी साक्ष, शेजाऱ्याची अडवलेली वाट. गॅलरीत टांगलेल्या पिंजऱ्यातील पाखरांचा आणि सदसद्विवेकबुद्धीचा काही संबंध असू शकेल, असे कोणाच्या मनातही येत नाही. घरांना आशीर्वाद देण्यासाठी धर्मग्रामात फिरताना असे पिंजरे अनेक ठिकाणी दृष्टीस पडतात. मुलांना त्या पाखरांचा लळा असतो, वृद्धांना त्यांची सोबत असते. अशा निरागस आनंदाविषयी शंका काढणे काहींना अरसिकपणाचे वाटेल. तरीही हा प्रश्न विचारावयास हवा, कारण तो घरातल्याच कोणाच्या तरी श्वासाशी निगडित आहे.

प्रथम वैद्यकशास्त्र काय सांगते ते पाहू. पक्ष्यांच्या पिसांवर अतिसूक्ष्म भुकटी असते. पंखांच्या फडफडीबरोबर ती हवेत मिसळते आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ तिच्यात भर घालते. त्यातील प्रथिने श्वासावाटे फुप्फुसांत खोलवर पोहोचतात. काही माणसांच्या शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांना शत्रू समजते, आणि या लढाईत फुप्फुसेच जखमी होतात. कबुतरे पाळणाऱ्यांना होणाऱ्या या विकाराचे वर्णन अमेरिकेतील डॉ. चार्ल्स रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केले. डॉक्टर या आजाराला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात.

खुराडे साफ केल्यावर चार ते आठ तासांनी ताप, खोकला आणि धाप, हे त्याचे उग्र रूप. ते निदान लक्षात तरी येते. परंतु घरात एक-दोनच पक्षी असतील आणि त्यांची धूळ रोज थोडी थोडी श्वासात जात असेल, तर आजार चोरपावलांनी येतो. कोरडा खोकला, जिना चढताना लागणारा दम, घटत जाणारे वजन. कधी दमा म्हणून, कधी वयोमान म्हणून, कधी क्षय म्हणून त्याकडे पाहिले जाते, आणि दरम्यान फुप्फुसांत असे व्रण पडत जातात की ते पुन्हा पूर्ववत होत नाहीत. फुप्फुसे कडक करणाऱ्या विकारांच्या भारतातील १,०८४ रुग्णांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे ४७ टक्के रुग्णांना हाच आजार होता. सर्वांच्या बाबतीत कारण पक्षीच होते असे मात्र नाही. एअर कूलरचा संबंध त्याहून अधिक रुग्णांत आढळला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पक्षी पाळणाऱ्या बहुसंख्य लोकांना हा आजार होत नाही. एकाच खोलीत, एकाच हवेत राहणाऱ्या चौघांपैकी तिघे ठणठणीत असतात आणि चौथा खंगत जातो. नैतिक पेच आहे तो इथेच. विष सर्वांनाच बाधते, म्हणून ते घरात कोणी ठेवत नाही. पण जे मला मुळीच बाधत नाही, उलट आनंद देते, ते केवळ दुसऱ्याला बाधते म्हणून मी सोडावे काय? दोष पाखराचा की त्याच्या फुप्फुसांचा?

असाच पेच संत पौलापुढे आला होता. मूर्तींना वाहिलेले मांस खावे की नाही, यावर करिंथच्या मंडळीत वाद होता. खाणाऱ्यांचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे, हे पौल मान्य करतो. तरीही, माझ्या खाण्याने दुबळा बंधू अडखळणार असेल तर मी ते खाणार नाही, असा त्याचा निर्णय आहे. तेथे दुबळेपणा विवेकाचा होता, येथे तो शरीराचा आहे; पण न्याय तोच लागू पडतो. घरातील स्वातंत्र्याचे माप सर्वांत सशक्त माणसाच्या छातीवरून घ्यावयाचे नसते.

अज्ञानाने घडलेल्या हानीचा दोष लागत नाही, असे आपण म्हणतो, आणि ते खरे आहे. परंतु टाळता येण्याजोगे अज्ञान निर्दोष नसते, असेही धर्मशास्त्र बजावते. आजोबांचा खोकला महिनोन्महिने ऐकूनही, पिंजऱ्याचा उल्लेख केला तर डॉक्टर पक्षी काढावयास सांगतील या भीतीने तो उल्लेख टाळणे, हे कोणत्या प्रकारचे अज्ञान?

आता दुसरी बाजू. समजा, मुले परदेशी गेली आहेत, पती निवर्तले आहेत, आणि एखाद्या आजीशी दिवसभर बोलणारे घरात एक पाखरूच उरले आहे. आजारीही तीच आहे. तिच्या हातून पिंजरा काढून घेणे सोपे, पण मागे उरणाऱ्या शांततेचे काय? १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथॉलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ प्राण्यांवर प्रेम करण्यास मोकळीक देतो, त्यांना विनाकारण क्लेश देण्यास मनाई करतो, आणि माणसाच्या वाट्याचे प्रेम त्यांना देऊ नये असेही सुचवतो. हे शेवटचे वचन आजीला ऐकवण्याआधी आपण स्वतःला ऐकवावे. तिच्या वाट्याचे माणसांचे प्रेम तिला मिळाले असते, तर पिंजऱ्याचा इतका आधार तिला लागला असता काय? म्हणून जो पिंजरा हलवू इच्छितो, त्याने रोज तासभर तिच्याशेजारी बसण्याची तयारी ठेवावी.

पाखराचाही विचार हवा. आपण सर्रास लव्हबर्ड म्हणतो ती बजरी मूळची ऑस्ट्रेलियातली. पिंजऱ्यात जन्मलेली अशी जोडी आकाशात सोडून देणे ही मुक्ती नव्हे. भूक आणि कावळे तिचा शेवट करतात. तिला दुसरे योग्य घर शोधून द्यावे. आपल्याकडचा रानपोपट पाळण्यास तर कायद्यानेच बंदी आहे. पक्षी गेल्यावरही त्याची धूळ कित्येक महिने घरात राहते, म्हणून स्वच्छता कसून करावी, आणि ती आजारी माणसाकडून करवून घेऊ नये.

हा प्रश्न घरापुरताच राहिलेला नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, तेव्हा भूतदया आणि माणसाचा श्वास जणू परस्परांचे वैरी असल्याप्रमाणे वाद पेटला. दाणे टाकणाऱ्यांची करुणा खोटी नव्हती, खोकणाऱ्यांची तक्रारही खोटी नव्हती. करुणेला एकच दिशा दिसू लागली की असे होते.

एके काळी कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्षी नेत असत. विषारी वायूने तो आधी कासावीस होई आणि कामगार सावध होत. ब्रिटनमध्ये ही प्रथा १९८६ साली बंद करण्याचे ठरले. दुबळ्या जिवाची तडफड ही सर्वांसाठी सूचना आहे, हे त्या खाणकामगारांना ठाऊक होते. आपल्या घरात रात्री कोणी खोकत असेल, तर ती सूचना आपण ऐकतो आहोत काय?