हुश्श!

मराठीत काही उद्गार असे आहेत, की व्याकरणाच्या पुस्तकात त्यांना अगदी शेवटच्या प्रकरणात कोपऱ्यातली जागा मिळते. पण संसारात त्यांच्यावाचून पान हलत नाही. 'हुश्श!' हा त्यांतलाच एक. लेकीची पाठवणी करून रिकाम्या मांडवात परतलेला बाप खांबाला टेकतो आणि म्हणतो, 'हुश्श!' पाहुण्यांची शेवटची पंगत उठली, की घरातली बाई पदराने कपाळ पुसत हेच म्हणते. चकलीचा शेवटचा घाणा कढईतून निघाला, की आमच्या घरातही तो उद्गार ऐकू येतो. आणि तो ऐकू आल्यावरच मी स्वयंपाकघरात पाऊल टाकतो, आधी नाही.

पण माझ्या आयुष्यात मी ऐकलेला सर्वांत मोठा 'हुश्श' हा शाळेतला आहे. 1973 ते 2009 अशी छत्तीस वर्षे मी प्राथमिक शिक्षक होतो. त्या काळात तपासण्या किती झाल्या याचा हिशेब मी ठेवला नाही. परंतु सहामाही परीक्षा आटोपत आली आहे, दिवाळीची सुट्टी दोन दिवसांवर आहे आणि नेमक्या त्याच वेळी 'साहेब येणार' म्हणून निरोप यावा, हा योग ज्याने अनुभवला नाही त्याला शिक्षकाचा 'हुश्श' कळायचा नाही.

मी सांगतो आहे ती तपासणी 1975 सालची, माणदेशातल्या एका लहानशा गावातली. चार वर्ग, तीन शिक्षक: हेडगुरुजी, एक बाई आणि नुकताच डी.एड. होऊन आलेला मी. निरोप आला आणि आठ दिवस शाळेचे रूपच पालटले. मुलींनी जमीन सारवली. मुलांनी ओढ्यातून गोटे आणून त्यांना चुना लावला आणि फुलझाडे नसलेल्या वाफ्यांभोवती ते मांडले. बाईंनी जुन्या तक्त्यांच्या फाटक्या कडांना मागून कागद चिकटवले. मी रात्री कंदिलाशी बसून जून महिन्यापासूनची टाचणे लिहून काढली. जे पाठ मी घेतले होते, पण लिहिले नव्हते, ते लिहिले. आणि खरे सांगायचे तर, जे घेतले नव्हते तेही लिहिले. हेडगुरुजींची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. ते दिवसातून दहा वेळा म्हणत, "शेवटी शेवटी लाल शाई नको रे बाबा."

साहेब सकाळच्या एस.टी.ने आले. दिवसभर त्यांनी वह्या पाहिल्या, पाढे म्हणवून घेतले, फळ्यावर गणिते घातली. दुपारी बाईंच्या घरचा शिरा खाल्ला. शेरेबुकात पाऊण पान लिहिले आणि साडेचारच्या एस.टी.ने ते गेले. गाडी ओढ्यापलीकडच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत आम्ही तिघेही हात जोडून उभे होतो. धूळ खाली बसली. हेडगुरुजींनी टोपी काढून गुडघ्यावर झटकली, आणि म्हणाले, "हुश्श!" मग ते हसू लागले. साठीला टेकलेला तो माणूस लहान पोरासारखा हसत होता. बाईंनी स्टो पेटवून पुन्हा चहा टाकला. उरलेला शिरा मुलांच्या हातावर पडला. पोरांनाही कशाचा आनंद ते कळले नाही; पण गुरुजी हसताहेत एवढे त्यांना पुरे होते. सुट्टी उद्यापासून लागायची, ती त्याच क्षणी लागली.

हा आनंद निर्मळ होता का, हा प्रश्न मला गेली पन्नास वर्षे अधूनमधून सतावतो. वैद्याने नाडी पाहून 'काही नाही, बरे आहात' म्हटले, की रोगी 'हुश्श' म्हणतो. अंधारात दडून बसलेला चोर, शिपाई पुढे निघून गेला, की तोही 'हुश्श'च म्हणतो. आवाज एकच आहे. मग आमचा कुठला?

कोणी म्हणेल, हा सगळा देखावाच होता, चुना लावलेल्या गोट्यांचा. मला तसे वाटत नाही. दिवाळीला आपण घर सारवतो, रंगवतो, माळ्यावरचा पसारा आवरतो. वर्षभर घर तसे नसते हे येणाऱ्या पाहुण्यालाही ठाऊक असते. त्याला कोणी खोटेपणा म्हणत नाही. घर कसे असावे अशी आपली इच्छा आहे, ते आपण त्या चार दिवसांत दाखवतो. त्या आठ दिवसांत आमच्या शाळेचेही तसेच झाले. तक्ते भिंतीवर आले ते नंतर वर्षभर तिथेच राहिले. माझी टाचणे अर्धी खोटी होती खरी. पण ती लिहिताना मला कळले, की कोणते पाठ मी टाळले होते. (माझी ही सारवासारव वाचून आमच्या घरून विचारणा झाली, की मग तुमच्या शाळेतले वाफे पुढच्या वर्षीही रिकामेच का होते? त्याला माझ्याकडे उत्तर नाही.)

आणि भीतीचे म्हणाल, तर ती शिक्षकाच्या स्वभावात नव्हती. ती त्याच्या पोटाशी बांधली गेली होती. आपल्याकडे सरकारी शिक्षणखाते आणि त्याचे तपासनीस आले ते 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर. पुढे 1862 साली इंग्लंडात एक नवा नियम निघाला: तपासनीसाने प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि गणित यांत परीक्षा घ्यायची आणि किती मुले उतरली त्यावर शाळेचे अनुदान ठरवायचे. मॅथ्यू आर्नल्ड हा थोर कवी आणि टीकाकार पोटासाठी शाळा-तपासनीसच होता. 1851 पासून 1886 पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे. या नियमाने शिकवणे यंत्रासारखे होईल, असे त्याने नोकरीत असतानाच उघडपणे लिहिले. ज्याच्या हाती तराजू होता त्यानेच तराजू खोटा आहे म्हणून सांगितले, याचे मला नेहमी कौतुक वाटते. तरी तो नियम तिकडे तीसएक वर्षे चालला, आणि 'निकालाप्रमाणे पैसा' ही रीत मुंबई इलाख्यातही आली. नापास मुलगा म्हणजे बुडालेले पैसे, असे समीकरण एकदा बसले, की त्या मुलाकडे पाहण्याची मास्तरची नजर कशी राहणार? नियम पुढे गेला. नजर मात्र वारशाने आमच्यापर्यंत आली.

या नजरेची एक गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. गांधीजी राजकोटच्या हायस्कुलात पहिल्या वर्षात असताना जाइल्स नावाचे साहेब तपासणीला आले. त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहायला घातले. त्यांतला 'केटल' मोहनदासने चुकवला. मास्तरांनी बुटाच्या टोकाने खुणावले, की शेजाऱ्याच्या पाटीवर बघ. पण मास्तर येथे उभे आहेत ते नक्कल होऊ नये म्हणून, अशी त्या मुलाची समजूत! बाकी सर्वांचे पाचही शब्द बरोबर आले. हा एकटा मूर्ख ठरला. 'सत्याचे प्रयोग'मध्ये त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे, आणि यामुळे मास्तरांविषयीचा माझा आदर कमी झाला नाही, असेही म्हटले आहे.

ही गोष्ट आपण नेहमी मुलाच्या बाजूने सांगतो. मला ओढ त्या मास्तरांची वाटते. साहेब गेल्यावर त्या संध्याकाळी ते 'हुश्श' म्हणाले असतील का? एका शब्दाची खोट राहिली म्हणून चडफडले असतील? की घरी जाताना, आपल्या बुटाचे टोक त्या मुलाला कळलेच नाही, या गोष्टीने त्यांना थोडे अवघडल्यासारखे झाले असेल?

त्या वर्षी 2 ऑक्टोबरला मी हीच गोष्ट चौथीच्या वर्गात रंगवून सांगितली होती. आणि त्याच महिन्यात, तपासणीच्या आदल्या दिवशी, आम्ही बुटाच्या टोकापेक्षा सोपा उपाय काढला. ज्याला येत नाही त्याला शाळेत आणायचेच नाही.

अशी तीन मुले होती. त्यांतला एक बारा वर्षांचा होऊनही चौथीत बसत होता. 1972 च्या दुष्काळात त्याचे आईबाप खडी फोडायला गेले आणि लहान बहिणीला सांभाळायला तो त्यांच्याबरोबर कामावर गेला. शाळा बुडाली ती बुडालीच. परत आला तेव्हा मोडके वाचता येत होते, पण जोडाक्षर आले की गाडी अडायची. "उद्या तू नाही आलास तरी चालेल," असे मी त्याला सांगितले. हेडगुरुजींनी सांगायला लावले, हे खरे; पण तोंड माझे होते. त्याने मान हलवली. कारण विचारले नाही.

साहेबांनी हजेरीपट पाहिला. पट 34, हजर 31. "तीन कुठे आहेत?" हेडगुरुजी म्हणाले, "गावात ताप आहे, साहेब." साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी फळ्याकडे पाहिले. मग ते "बरं" म्हणाले आणि त्यांनी पान उलटले. त्यांना समजले असावे असे मला तेव्हाही वाटले. त्यांनाही वर कोणाला तरी कागद द्यायचा होता. शेरेबुकात उपस्थिती 'समाधानकारक' अशी नोंद झाली, आणि त्या शब्दावर आम्ही शिरा वाटला.

संध्याकाळी खोलीकडे परतताना ओढ्याच्या काठी तो मला भेटला. चार शेळ्या घेऊन उभा होता; बहुधा एस.टी. जाण्याचीच वाट पाहत असावा.

"गुरुजी, गेलं का सायब?"

"गेले रे."

"माझं कायी इचारलं नाय ना?"

"नाही."

"हुश्श!" तो म्हणाला. अगदी हेडगुरुजींसारखा. "बरं झालं. मी असतो तर साळंचं नाव गेलं असतं."

मला त्याने रागाने काही म्हटले असते तर परवडले असते. पण तो माझ्यावर खूश होता! चारचौघांत होणारी फजिती मी वाचवली, असे त्याला वाटत होते. आणि त्यात खोटे तरी काय होते? साहेबांपुढे तो अडखळला असता, मुले हसली असती. मी त्याच्यावर दया केली, असे म्हणायला जागा आहे. त्या रात्री मी तसे म्हणून पाहिलेही. पण मन घेईना. पूर्वी मुलीला पाहायला पाहुणे येत तेव्हा काही घरांत वेडसर भावंडाला आतल्या खोलीत कोंडून ठेवीत. घर सारवणे वेगळे आणि हे वेगळे. कोंडणारे म्हणत, त्यालाच त्रास नको. तोही हळूहळू तसेच मानू लागे. पाहुणे दिसले, की न सांगता स्वतःच आत जाई. मी त्या पोराला पाठ्यपुस्तकातले काही शिकवू शकलो नव्हतो. पण आपण असण्याने शाळेचे नाव जाते, हे मात्र एका वाक्यात शिकवले होते, आणि त्याला ते अडखळल्याशिवाय आले होते.

तपासनिसाने आमच्या शाळेत पाहावे असे काय होते? पाढे पाठ असलेली एकतीस मुले? ती त्यांनी पाहिली नसती तरी त्यांचे काही बिघडले नसते. पाहण्यासारखे होते ते ओढ्याच्या काठी शेळ्या राखत होते. साहेब, दुष्काळाने यांची दोन वर्षे खाल्ली आहेत, तीन गुरुजी आणि चार वर्ग यांत ती भरून निघत नाहीत, काही करता येईल का? दहा मैलांवरून एवढा अधिकारी माणूस दारात आला होता. त्याला विचारण्याचा खरा प्रश्न हा एकच होता. तोच आम्ही घरी बसवला. साहेबांनी काही केले असते की नाही, मला सांगता येत नाही. कदाचित नसतेच. कदाचित लाल शाईही मिळाली असती. रोग्याने दुखरी जागा झाकून नाडी दाखवली, तरी वैद्य 'बरे आहात' म्हणू शकतो. तेव्हाचा 'हुश्श' रोग्याचा की चोराचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दिवाळीनंतर तो शाळेत आला. मी त्याला संध्याकाळी थोडा वेळ जास्त बसवू लागलो. एप्रिलपर्यंत त्याला जोडाक्षरे बऱ्यापैकी येऊ लागली. पुढे तो मुंबईला गेला, एवढेच मला कळले.

माझी लेक बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत शिक्षिका आहे. आता तपासणीच्या आधी मोबाईलवर माहिती भरावी लागते, फोटो पाठवावे लागतात. गोट्यांना चुना लावण्याचे काम तेवढे तसेच राहिले आहे, असे ती सांगते. परवा तिच्या शाळेत अधिकारी येऊन गेले. रात्री तिचा फोन आला.

"नाना, झाली एकदाची तपासणी."

मी विचारले, "पट किती? हजर किती?"

ती जरा थांबली. ही गोष्ट तिला मी पूर्वी सांगितलेली आहे. "दोघं नव्हती," ती म्हणाली. "आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. दसऱ्यानंतरच गेली."

"साहेबांना काय सांगितलंस?"

"तेच सांगितलं. ते म्हणाले, मग आधी का नाही कळवलं? बोलले थोडं. मग म्हणाले, हंगामी वसतिगृहात ठेवता येतील का बघू, आजच्या आज लिहून द्या." मागे कुकरची शिट्टी झाली. "तेच लिहीत बसलेय, नाना. चकल्यांचं पीठ तसंच पडलंय. ठेवू का आता?"