छायाचित्र कोणते प्रमाण?

जून २०२० मध्ये लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि दोन-चार दिवसांत त्याचे फोटो देशभर पोहोचले. टाळेबंदीचे दिवस होते. सरोवर डोळ्यांनी पाहणारे थोडे, फोटो पाहणारे अगणित. त्याच फोटोंवरून कुणी म्हणाले, पुराणकथेतल्या लवणासुराचे रक्त वर आले. कुणाला त्यात अरिष्टाची चाहूल दिसली, कुणाला प्रदूषणाचा पुरावा, तर कुणाला माणसांची वर्दळ थांबल्यामुळे निसर्गाने घेतलेला मोकळा श्वास. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने विषयात लक्ष घातले, वन विभागाने पाण्याचे नमुने घेतले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणीअंती सांगितले की हा रंग अतिखारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा आहे. पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त, त्यामुळे पाण्यातली क्षारता वाढली आणि या जीवांना सुगी आली. प्रयोगशाळेत तो नमुना काही काळ न हलवता ठेवला, तेव्हा गुलाबी थर तळाशी बसला आणि वरचे पाणी नितळ झाले. बाटलीतली ही साधी गोष्ट समजायला हजारो फोटोंचा उपयोग झाला नाही. फोटो खोटे होते म्हणून नव्हे. बहुतेक खरेच होते. तरीही ते पाहून आपल्याला नेमके काय कळले, आणि जे कळले त्याला ज्ञान म्हणायचे की नाही, हा प्रश्न उरतोच.

आपल्या दर्शनांनी हा प्रश्न फार काटेकोरपणे हाताळला आहे. न्यायदर्शन चार प्रमाणे, म्हणजे ज्ञानाची साधने, मानते: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. छायाचित्राला आपण न विचारता पहिल्या खणात टाकतो. ‘फोटोच आहे, आणखी काय पुरावा हवा?’ असे आपण सहज म्हणतो. पण प्रत्यक्षासाठी इंद्रियाचा वस्तूशी संबंध यावा लागतो, आणि फोटो पाहताना आपल्या डोळ्यांचा संबंध येतो तो कागदाशी किंवा पडद्याशी, सरोवराशी नव्हे. यावर एक सबळ उत्तर देता येते. सरोवरावरून आलेल्या प्रकाशानेच तो ठसा उमटवला आहे. धुरावरून अग्नी कळावा तसे ठशावरून सरोवर कळते. म्हणजे छायाचित्र प्रत्यक्ष नसेल, तर अनुमानाचे साधन तरी नक्कीच आहे. हे मला अर्धेच मान्य आहे. धूर आणि अग्नी यांचे साहचर्य ज्याला आधीपासून माहीत आहे त्यालाच धुरावरून अग्नी कळतो, आणि दुरून पाण्यावरची वाफ धुरासारखी दिसते तेव्हा तोही फसतो. ठसा असणे वेगळे, आणि तो कशाचा आहे हे कळणे वेगळे.

हे सरोवर ज्यात आहे ते लोणारचे विवरच याची साक्ष देईल. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ जाणकारांनी ते पाहिले, मोजले, रेखाटले. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाची ती वर्तुळाकार खोलगट जागा आणि भोवती सगळीकडे काळा बेसाल्ट. हा ज्वालामुखीचाच प्रताप, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. त्यांच्या पाहण्यात खोट नव्हती. पण बेसाल्टवर उल्का आदळली तर काय होते, हे ज्ञान जवळ नसल्यामुळे समोरच्या खुणा त्यांना वाचता आल्या नाहीत. १९७३ मध्ये भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी या दगडांत मॅस्केलिनाइट सापडल्याचे प्रसिद्ध केले. प्रचंड आघाताने फेल्डस्पारचे खनिज न वितळताच काचेसारखे होते, तोच हा पदार्थ. तेव्हा उल्कापाताचे मत पक्के झाले. वयाचा प्रश्न तर त्याहून बोलका आहे. एका पद्धतीने हे विवर सुमारे ५२ हजार वर्षांचे ठरते, नंतरच्या आर्गॉन पद्धतीने सुमारे पाच लाख ७० हजार वर्षांचे. विवर तेच, आकड्यात दसपटीहून अधिक फरक. मग एका क्षणाच्या ठशावरून दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल, श्रद्धेबद्दल, दुःखाबद्दल निष्कर्ष काढताना आपण इतके निःशंक कसे असतो?

माझे म्हणणे असे की माहितीपर छायाचित्राची खरी जागा चौथ्या खणात, शब्दप्रमाणात आहे. ते जाणत्या माणसाचे सांगणे आहे. कुठे उभे राहायचे, कोणत्या वेळी, किती जवळून, चौकटीत काय घ्यायचे आणि काय बाहेर ठेवायचे, हे सगळे माणसाने ठरवलेले असते. आणि शब्दप्रमाण कुणाचे मानावे याचे उत्तर न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने देऊन ठेवले आहे: जो आप्त आहे त्याचे. आप्त म्हणजे ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती इतरांना सांगावी ही ज्याची इच्छा आहे असा माणूस. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही तो स्पष्ट म्हणतो. जन्म, पद, वेश यांपैकी कशावरही आप्तपण अवलंबून नाही. ही भूमिका स्वीकारली की कॅमेरा प्रामाणिक आहे का, हा प्रश्न गौण होतो. बटण दाबणारा आप्त आहे का, हे विचारावे लागते, आणि याचे उत्तर चित्राच्या चौकटीत कधीच नसते. म्हणून छायाचित्रकाराने बोलले पाहिजे. या विषयाकडे तो का वळला, किती काळ तिथे राहिला, कुणाची संमती घेतली, काय टिपायचे टाळले, त्या माणसांचे पुढे काय झाले, आज काम कुठवर आले, हे त्याने सांगत राहिले पाहिजे. अशा बोलण्याला आपण मुलाखत किंवा जाहिरात समजून बाजूला ठेवतो. माझ्या मते ते प्रमाणाचाच भाग आहे. ते वगळले तर चित्र सुंदर राहील, पण साक्ष राहणार नाही.

लोणारपासून फार लांब नसलेल्या अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे यांचे काम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९८८ पासून वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून काम करताना त्यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जगणे टिपले. २००५ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकने त्यांच्या कामाची दखल घेतली, २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. सन्मानांपेक्षा मला त्या कामाची घडण महत्त्वाची वाटते. गटाराच्या भोकातून वर आलेले एक डोके आणि दोन उघडे हात, एवढेच चित्र समोर ठेवा. एकाला त्यात कष्टाचे शौर्य दिसेल, दुसऱ्याला नुसती किळस, तिसऱ्याला पालिकेचा ढिसाळपणा. त्या हातांवर हातमोजे नाहीत, हे कुणाला दिसेल? अभाव डोळ्यांना आपोआप दिसत नाही. जमिनीवर घट नाही हे कळण्यासाठी आधी घटाची आठवण असावी लागते, याचा खल आपल्या मीमांसकांनी आणि नैयायिकांनी मनापासून केला आहे. हातमोजे मिळणे हा त्या कामगाराचा हक्क आहे, पिढ्यानपिढ्या ठरावीक जातींच्याच वाट्याला हे काम आले आहे, आणि साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे, हे कुणीतरी सांगते तेव्हा ते उघडे हात खऱ्या अर्थाने दिसू लागतात. वर्षानुवर्षे एकाच विषयाशी राहिलेला छायाचित्रकार हे सांगतो, तेव्हा त्याच्या सांगण्याला वजन येते ते त्या राहण्यामुळे.

याच्या उलट टोकाला डब्ल्यू. डब्ल्यू. हूपर हा इंग्रज लष्करी अधिकारी आहे. १८७६ ते १८७८ च्या मद्रासकडील दुष्काळात त्याने काढलेले हाडांच्या सापळ्यांसारख्या माणसांचे फोटो आजही पुस्तकांत छापले जातात. पुढे ब्रह्मदेशात मृत्युदंडाचे फोटो घेण्यासाठी त्याने अंमलबजावणीच लांबवल्याचा आरोप झाला आणि प्रकरण गाजले. हे कळल्यावर दुष्काळाच्या फोटोंतली भूक खोटी ठरत नाही. पण ती माणसे भिंतीपुढे ओळीने का बसवली आहेत, हा प्रश्न मनातून जात नाही.

छायाचित्रकाराने बोलावे या म्हणण्यावर पहिला आक्षेप कलेच्या बाजूने येईल: चित्राने स्वतःच बोलावे, कर्त्याने मागे राहावे, आपल्या संतपरंपरेनेही मीपणा सोडायला शिकवले. आक्षेपामागची भावना मला आदरणीय वाटते. पण मीपणा आणि उत्तरदायित्व एक नव्हेत. मी कुठे उभा होतो हे सांगणारा साक्षीदार स्वतःची थोरवी सांगत नसतो. उलटतपासणीसाठी तो स्वतःला पुढे करतो. बोलण्याचा रोख वस्तूकडे आहे की बोलणाऱ्याकडे, हे ऐकणाऱ्याला बहुधा कळते. दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे, आणि तो दिङ्नागाच्या बौद्ध परंपरेतून येतो. ती परंपरा प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे मानते. बोलणारा विश्वसनीय आहे हेही शेवटी आपण अनुमानानेच ठरवतो, मग शब्दाला वेगळी जागा कशाला? शास्त्रीय वाद इथे मिटणार नाही. पण हे मत मान्य केले तरी माझ्या मुद्द्याला बाध येत नाही. अनुमानाला हेतू, म्हणजे आधार, लागतो, आणि छायाचित्रकाराच्या विश्वसनीयतेचे हेतू त्याच्या उघड बोलण्यातून आणि आजवरच्या वागण्यातूनच मिळणार. २०२३ मध्ये एका जर्मन कलावंताने सोनीच्या छायाचित्र स्पर्धेतला पुरस्कार नाकारला आणि आपले चित्र यंत्रबुद्धीने बनवलेले असल्याचे जाहीर केले. परीक्षकांना ते चित्रावरून कळले नव्हते. ठशाचाच भरवसा सुटत असताना दुसरे काय हाती उरते?

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मी माझे म्हणणे सुधारून घेतो. सफाई कामगाराच्या आयुष्याबद्दल आप्त कोण, तो कामगार की त्याचा फोटो काढणारा? वात्स्यायनाचे लक्षण प्रामाणिकपणे लावले तर पहिला मान कामगाराचाच. छायाचित्रकार आप्त असेल तो आपण काय पाहिले आणि काय ऐकले यापुरता. म्हणून त्याच्या सांगण्यात त्या माणसाचे सांगणे यायला हवे, शक्य तिथे त्याच्या नावानिशी आणि त्याला धोका असेल तिथे नावाशिवाय.

आणि लोणारच्या श्रद्धेचे काय? विष्णूने लवणासुराचा वध केला, सरोवराचे पाणी म्हणजे त्याचे रक्त, ही कथा दैत्यसूदनाच्या मंदिराशी जोडलेली आहे. त्या जूनमध्ये अनेकांना फोटोत तिचा पुरावा दिसला, आणि सूक्ष्मजीवांचा अहवाल आल्यावर अनेकांना कथाच खोटी पडल्यासारखे वाटले. दोन्ही प्रतिक्रिया मला चुकीच्या वाटतात. न्यायसूत्रांनी शब्दप्रमाणाचे दोन भाग केले आहेत: ज्याचा विषय इथे पडताळून पाहता येतो ते सांगणे, आणि ज्याचा विषय इथे दिसू शकत नाही ते सांगणे. छायाचित्र कायमचे पहिल्या भागात राहते. त्या भागात त्याने पुरते खरे असावे: तारीख, जागा, रंगात केलेला फेरफार, सगळे उघड. दुसऱ्या भागात त्याला प्रवेश नाही. पुराणाच्या बाजूने नाही आणि विरुद्धही नाही. सरोवराकाठच्या कमळजा देवीच्या नवरात्राचे फोटो काढणाऱ्याने भाविकाचा जोडलेला हात दाखवावा, तो कशासाठी जोडला हे त्या भाविकालाच विचारावे, आणि मिळालेले उत्तर पदरची भर न घालता फोटोखाली लिहावे.