परतीला वळण देतं ते घर

परदेशी गेल्याने माणसाचं आयुष्य बदलतं, यावर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं आहे. परतल्यावर ते किती बदलतं, याचा विचार मात्र फारसा होत नाही. माझ्या मते जाऊन आलेल्याच्या आयुष्याला निर्णायक वळण परतीनंतर मिळतं आणि ते बऱ्याच अंशी इथे राहिलेली माणसं देतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोनदा परतले. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकून ते १९१७ साली पहिल्यांदा आले, तेव्हा शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानची नोकरी बांधलेली होती. पण त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून एका पथिकाश्रमात आसरा घेतला, तर जात कळताच लाठ्या घेतलेल्या जमावाने तिथून बाहेर काढलं. विद्वत्ता होती, हुद्दा होता, तरी घराने त्यांना जुन्याच जागी ढकललं. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये परतले ते बॅरिस्टर होऊन. समाज तसाच होता, पण आता पोटासाठी कुणाच्या चाकरीची गरज उरली नव्हती. पुढच्याच वर्षी ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन झाली.

ही वाट एका असामान्य माणसाने काढली. प्रत्येक परतणाऱ्याने तितकंच असामान्य असावं, अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे.

नवऱ्यामागे अमेरिकेला गेलेल्या इंजिनिअर मुलीचं उदाहरण घ्या. एच-४ व्हिसावरच्या पत्नींना तिथे नोकरी करता येत नसे. २०१५ मध्ये मुभा मिळाली तीही ग्रीन कार्डच्या वाटेवर ठरावीक टप्पा गाठलेल्यांच्याच जोडीदारांना. सासू-सासऱ्यांच्या आजारपणासाठी कुटुंब पुण्याला परततं, तेव्हा नवऱ्याची तिथली वर्षं ‘अनुभव’ ठरतात आणि तिची ‘गॅप’. प्रवास एकच, पण मुलाखतीच्या टेबलावर त्याची किंमत दोन प्रकारे होते.

कोकणातून आखातात गेलेल्या कामगाराची गोष्ट आणखी वेगळी. तिथला व्हिसा नोकरीला बांधलेला, नागरिकत्व जवळजवळ अशक्य. म्हणजे परत येणं पहिल्या दिवसापासून ठरलेलंच. त्याच्या पैशातून गावी स्लॅबचं घर उभं राहतं, बहिणीचं लग्न होतं, मुलं शिकतात. नोकरी संपताना त्याला एकरकमी रक्कम मिळते, दरमहा निवृत्तिवेतन नाही. पन्नाशीत तो परततो, तेव्हा मुलं मोठी झालेली असतात, घरातले निर्णय त्याच्याविना घ्यायची सवय सर्वांना लागलेली असते. गावाला त्याचा पैसा ठाऊक असतो, त्याचं कसब नाही.

केरळने हे वेळीच ओळखलं. १९९६ मध्ये अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र खातं काढलं आणि २००८ च्या कायद्याने त्यांच्यासाठी निवृत्तिवेतनासह कल्याणकारी योजनांची तरतूद केली. रत्नागिरी-रायगडच्या माणसालाही असा आधार मिळायला हवा.

सरकारचं काम सरकारने करावंच. पण काही कामं आपलीही आहेत. या दिवाळीत कुणी कायमचं परत आलं असेल, तर ‘किती कमावलंस?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. ‘आता काय करायचं मनात आहे?’ असं विचारा आणि त्या कामात त्याला, तिला जागा द्या.