मिसराचे घोडे

मिसराच्या घोड्यांवर भिस्त ठेवणाऱ्या यहूदाला यशया संदेष्ट्याने सावध केले होते. मग ज्या लहान राष्ट्राला बलाढ्य सोबती नाही, त्याने काय करावे? आपण फिनलंडकडे पाहू या. १९१८ साली तेथे भावाने भावाचे रक्त सांडले. परंतु १९३९ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत रशियाने स्वारी केली, तेव्हा कालचे वैरी एकदिलाने उभे राहिले. सुमारे ३७ लक्ष लोकांचे ते राष्ट्र १०५ दिवस जवळजवळ एकटेच लढले. मुलूख गेला, स्वातंत्र्य राहिले. आणि घरे गमावलेल्या सुमारे ४ लक्ष बांधवांना उरलेल्या देशात थारा मिळाला. पुढे २०२३ साली ते राष्ट्र नाटो संघात गेले. परंतु त्या हिवाळ्यात एकी हाच त्याचा तट होता. बलाढ्य सोबती मिळणे आपल्या हाती नसते. भावाशी समेट करणे असते. तो आपण आजच करू या.