काळाबाहेरची फौज

आधुनिक शस्त्रांनी सज्ज असलेली एखादी लष्करी तुकडी अकस्मात काही दशके किंवा काही शतके मागे फेकली जावी, आणि जिच्या निकालाची नोंद इतिहासाच्या दप्तरात केव्हाच होऊन गेली आहे अशा लढाईच्या तोंडाशी येऊन तिने उभे राहावे, ही कल्पना घेऊन लिहिलेल्या कथा-कादंबऱ्या व काढलेले चित्रपट अमेरिकेत आणि जपानात बरेच आहेत. केवळ करमणुकीचा माल म्हणून त्यांना बाजूस सारणे मला कधीच जमले नाही. कारण त्यांतील चांगल्या कृतींमध्ये धर्मविचाराच्या गाभ्याशी भिडणारा एक फार जुना प्रश्न नव्या वेषात उभा राहिलेला मला दिसतो. पुढे काय घडणार हे ज्याला ठाऊक आहे, आणि ते टाळण्याचे सामर्थ्यही ज्याच्यापाशी आहे, त्याला ते टाळण्याचा अधिकार असतो काय. आणि असेल, तर न टाळणे हे त्याचे पाप ठरते काय?

हा प्रश्न आपल्याकडे प्रत्यक्ष परमेश्वरालाच एकाने विचारला आहे. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात, कुरुक्षेत्रावरील संहार आटोपून श्रीकृष्ण द्वारकेस परत निघाला असता वाटेत त्याला उत्तंक ऋषी भेटतो. युद्धाची वार्ताही ज्याच्या कानी पोचलेली नाही असा तो तपस्वी मोठ्या विश्वासाने विचारतो की, कौरव-पांडवांचा समेट तू करून दिलास ना. आणि सारे कुल रणात पडल्याचे ऐकताच, तू समर्थ असूनही त्यांना वाचविले नाहीस म्हणून मी तुला शाप देतो, असे म्हणण्यापर्यंत त्याची मजल जाते. उत्तंकाचा हा संताप मला अत्यंत आदरणीय वाटतो. मेलेल्यांविषयी ज्याच्या मनात इतकी कळकळ आहे की तिच्यापुढे देवाचाही मुलाहिजा राहत नाही, त्याचा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या चार शब्दांनी मिटवून टाकता येणार नाही. श्रीकृष्णाने त्याला काय उत्तर दिले, त्याकडे मी शेवटी येईन.

१९८० साली निघालेल्या 'द फायनल काउंटडाउन' या अमेरिकन चित्रपटात 'निमित्झ' ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका एका विलक्षण वादळात सापडून ६ डिसेंबर १९४१ या दिवशी, म्हणजे पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या पूर्वसंध्येस, हवाईनजीकच्या समुद्रात जाऊन पोचते. नौकेवरील विमानांपुढे जपानी आरमाराचा टिकाव लागणार नाही हे उघड आहे. हल्ला करावा की नाही, या पेचाला कप्तान जे उत्तर देतो ते लष्करी शिस्तीला साजेसे असले तरी मला अपुरे वाटते. आपल्या राष्ट्राचे रक्षण करण्याची शपथ आपण घेतली आहे आणि ती भूत, वर्तमान व भविष्य या तिन्ही काळांना लागू आहे, असा त्याचा आशय आहे. पण शपथ ही कोणापाशी तरी घेतलेली असते. १९४१ सालच्या अमेरिकेला स्वतःचा राष्ट्राध्यक्ष होता, स्वतःचे आरमार होते, आणि ज्याचे नाव या नौकेला दिले आहे तो चेस्टर निमित्झ त्या दिवशी हयात असून वॉशिंग्टनमध्ये आरमाराच्याच एका खात्याचा प्रमुख म्हणून काम पाहत होता. त्या सरकारने ही नौका कोठे धाडली नव्हती, हल्ल्याचा हुकूम तिला दिला नव्हता, ती अस्तित्वात आहे हेही त्याला ठाऊक नव्हते. ज्या सरकारने तिला सनद दिली ते अजून जन्मास यायचे होते. चित्रपटात ऐन वेळी वादळ परत येते, उडालेली विमाने माघारी बोलावली जातात आणि प्रश्न अनिर्णित राहतो. त्यामुळे कथेची सुटका झाली असली तरी विचार करणाऱ्याची होत नाही.

सनदेचा मुद्दा मी तांत्रिक म्हणून मांडीत नाही. मीमांसकांनी कर्माचा विचार करताना, कर्म कोणते याच्या जोडीने, ते करण्याचा अधिकार कोणाला, याचाही कसून विचार केला, आणि त्यात मोठे शहाणपण आहे. सैनिक मारतो आणि दरोडेखोरही मारतो. दोघांमध्ये जो भेद आपण मानतो तो शस्त्राच्या जातीत नसून, त्या शस्त्राचा जाब विचारणारा कोणी आहे की नाही यात आहे. जाब विचारणारी सत्ताच काळाच्या पलीकडे राहिली की उरते ती फौज नव्हे, पुंडावा. मग तिची शिस्त कितीही चोख असो.

जपानी कादंबरीकार हानमुरा र्यो यांच्या १९७१ मधील 'सेन्गोकु जिएइताई' या कृतीत आणि तिच्यावरून १९७९ साली निघालेल्या चित्रपटात नेमके हेच घडताना दिसते. जपानच्या संविधानातील नवव्या कलमाने युद्धाचा हक्क सोडून दिला. त्यामुळे ज्यांना नावातच 'स्वसंरक्षण' हा शब्द बाळगावा लागतो अशा दलातील एक तुकडी, रणगाडा आणि हेलिकॉप्टर यांच्यासह, सोळाव्या शतकातील सरदारांच्या अखंड यादवीत जाऊन पडते. युद्ध न करण्याची सनद घेऊन आलेली माणसे, जेथे युद्धावाचून दुसरा व्यवसाय नाही अशा काळात उभी राहतात. चित्रपटात त्यांचा नायक इबा पुढे उएसुगी केनशिन म्हणून प्रसिद्धीस आलेल्या नागाओ कागेतोराशी मैत्री जोडतो आणि पाहता पाहता सगळा मुलूख जिंकण्याच्या नादी लागतो. आपल्या काळात जी महत्त्वाकांक्षा त्याच्या मनाला शिवली नसती तिने त्याचा ताबा घेतला, याचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही: त्याला थांबवणारे कोणी उरले नव्हते. ताकेदा शिंगेनच्या सैन्याशी झालेल्या झुंजीत रणगाडा आणि हेलिकॉप्टर दोन्ही नष्ट होतात. इंधन आणि दारूगोळा यांची रसद चार शतके पुढे राहिलेली असते, आणि अखेर मित्र म्हणून जोडलेला कागेतोराच त्यांचा अंत घडवून आणतो.

मार्क ट्वेनने १८८९ सालीच, आर्थर राजाच्या काळात गेलेल्या आपल्या यांकीकडून विजेचे कुंपण आणि यंत्रतोफा यांच्या साह्याने २५ हजार माणसे मारवून, त्या प्रेतांच्या विषारी हवेने विजेत्यांनाच जागच्या जागी आजारी पाडले होते; ते कुंपण मला या सर्व वाङ्मयाच्या वेशीवर उभे असलेले दिसते.

पण याहून मार्मिक कथा पोल अँडरसनची आहे. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'द मॅन हू केम अर्ली' या कथेत फौज नाही, विसाव्या शतकातला एकच अमेरिकन शिपाई आहे. तो प्राचीन आइसलंडमध्ये जाऊन पडतो आणि त्याची हकिकत तेथला एक शेतकरी सांगतो. त्या समाजात न्याय कुळाच्या आधाराने चाले; खून झाला तर रक्ताचे मोल द्यायला कुळ लागे, आणि नसेल तर माणूस बहिष्कृत होई. या पोराचे कुळ अजून जन्मालाच आलेले नाही. द्वंद्वात तो पिस्तुलाने एकाला मारतो, आणि मग त्याच्या मागे उभे राहणारे कोणी नसल्यामुळे, गोळ्या संपेपर्यंत लढून मरतो. तो वाईट नव्हता, एकटा होता. शस्त्राला सनद देणारे सरकार असो की कुळ, ते ज्या काळात आहे त्याच काळात शस्त्राला धर्म आहे, हे या कथेने एकही प्रवचन न देता सांगितले.

आता सर्वांत कठीण भागाकडे येतो. कावागुची काइजी यांच्या 'झिपांग' या, २००० ते २००९ या काळात चाललेल्या दीर्घ चित्रकथेत 'मिराई' नावाची अद्ययावत जपानी युद्धनौका जून १९४२ मधील मिडवेच्या लढाईत जाऊन पोचते. मिराई या शब्दाचा अर्थच भविष्य. इतिहासाला हात लावायचा नाही असा विवेक नौकेवरील माणसे राखू पाहतात. परंतु कादोमात्सु हा अधिकारी समुद्रात बुडणाऱ्या कुसाका नावाच्या जपानी अधिकाऱ्याला डोळ्यांदेखत मरू देऊ शकत नाही. तो त्याला वर काढतो. जो मरायचा होता तो जगतो, नौकेवरील ग्रंथांतून आपल्या देशाचा पुढील पराभव वाचतो, आणि एक वेगळाच जपान घडवण्याच्या ध्यासाने अणुबाँब बनवण्यापर्यंत जातो.

कादोमात्सु चुकला काय? परिणामांचा हिशेब मांडणारा होय म्हणेल. मी म्हणणार नाही. बुडणाऱ्याला हात देताना, हा माणूस दप्तरात मृत म्हणून नोंदलेला आहे, असा विचार ज्याच्या मनात येऊन हात मागे सरतो, त्याने इतिहास शाबूत राखला असला तरी समोरच्या माणसाला माणूस मानण्याचे सोडले. आणि या साऱ्या कथांमध्ये दडलेला खरा मोह तोच आहे: भूतकाळातील माणसे केव्हाच मेलेली आहेत, तेव्हा त्यांना मारण्यात पातक ते कसले? गीतेच्या अकराव्या अध्यायात हे सारे आधीच मारले गेले आहेत, तू निमित्त हो, असे अर्जुनाला सांगितलेले आहे, याची आठवण येथे कोणी करून देईल. पण तेथे सांगणारा एक आहे आणि ऐकणारा दुसरा; ऐकणारा त्या युद्धाचा, त्या कुळाचा आहे, समोरच्यांचा नातू आणि शिष्य आहे, आणि त्याच्या हातातून गांडीव एकदा गळून पडलेले आहे. भविष्यातून आलेला सैनिक कृष्णाचे ज्ञान आणि अर्जुनाचे धनुष्य दोन्ही आपल्याच हाती घेतो, आणि विषाद मात्र त्याच्या वाट्याला येत नाही. हे ऐक्य मला भयंकर वाटते. म्हणून वाचवण्याला मी सनद मागत नाही, मारण्याला मागतो. आणि या दोहोंची गल्लत करून, मारून वाचवण्याचा जो दावा निमित्झचा कप्तान करतो, त्याला तर सर्वांत आधी मागतो.

मराठी वाचकाला हा विचार परका नाही. १४ जानेवारी १७६१ ह्या दिवसाकडे पाहताना, एक यंत्रतोफांची तुकडी भाऊसाहेबांच्या मदतीला असती तर, असे ज्याच्या मनात कधीच आले नाही असा माणूस आपल्यात विरळा. तथापि पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफा होत्याच. फौज उपाशी होती. जयंत नारळीकरांच्या कथेतील गंगाधरपंतांना विश्वासराव वाचलेल्या पानिपताचे जग दिसले ते शस्त्र न घेता, आणि परतताना त्यांच्यापाशी होते बखरीचे एक पान. नारळीकरांची ही संयमी दृष्टी मला फार मोलाची वाटते.

आपल्या पुराणांतही एक योद्धा काळ ओलांडून आलेला आहे, मात्र उलट दिशेने. देवांसाठी असुरांशी लढून थकलेला मुचुकुंद गुहेत युगानुयुगे झोपला आणि कालयवनाच्या लाथेने जागा झाला, तेव्हा त्याच्या नुसत्या दृष्टीने कालयवन भस्म झाला. आधुनिक कथेत सामर्थ्य पुढच्या काळातून मागे जाते, पुराणात ते मागच्या काळातून पुढे येते. प्रगती मानणारे आणि ऱ्हास मानणारे, दोघेही आपापल्या श्रद्धेप्रमाणे बळाचा उगम ठरवतात. परंतु गुहेबाहेर आल्यावर माणसे खुजी झालेली पाहून मुचुकुंदाने राज्य घेतले नाही. हा काळ आपला नव्हे हे ओळखून तो तपासाठी गंधमादनाकडे निघून गेला.

आणि उत्तंकाला मिळालेले उत्तर हे: देवयोनीत असताना मी देवाप्रमाणे वागतो, गंधर्वयोनीत गंधर्वाप्रमाणे, आता मनुष्य आहे, म्हणून मनुष्याला शक्य तेवढे केले, विनवले, भयही दाखवले, त्यांनी ऐकले नाही. ज्या काळात उतरायचे त्याचे सगळे पाश स्वीकारून उतरायचे, तेथे जन्मायचे आणि तेथेच व्याधाच्या बाणाने मरायचे, ही अट त्याने स्वतःवरून काढून घेतली नाही. उत्तंकाला हे पटले, आणि मरुभूमीत हवे तेव्हा पाणी मिळावे एवढाच वर त्याने मागितला. पुढे तहानेने व्याकूळ असता चांडाळाच्या रूपाने इंद्र अमृत घेऊन आला; उत्तंकाने त्याला ओळखले नाही आणि रागाने ते नाकारले. तेव्हा श्रीकृष्णाने त्याला सांगितले की, तुला तहान लागेल त्या त्या दिवशी या मरुभूमीवर मेघ जमतील. त्या ओसाड प्रदेशावर क्वचित जो पाऊस पडतो त्याच्या ढगांना उत्तंकमेघ म्हणतात.